हिनाकुरा सेन्सेईंचा सार्वजनिक एकांत

"मला आईशेजारी ठेव. दगड नको, पाटी नको, कुणाला सांगायला तर मुळीच नको. आणि सुमिए, माणसं आली तर चहा देऊ नकोस. चहा दिला की माणसं बसतात."

हिनाकुरा तोकुजी यांनी ही शेवटची सूचना मुळ्याचं लोणचं चावता चावता दिली. त्यामुळे तिच्यात गांभीर्य किती आणि मुळा किती, हे त्यांच्या धाकट्या बहिणीला लगेच उमगलं नाही. ती नेहमीसारखी "बरं, दादा" म्हणाली. दादा उठून माडीवर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या दाराबाहेर ठेवलेला भात तसाच राहिला, तेव्हा सुमिएला कळलं की दादा गेले. जातानाही त्यांनी कुणाला तसदी दिली नव्हती.

दादा चित्रकथा काढत; वाचक त्यांना आदराने 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यांचा नायक गोनरोकु हा शंखात राहणारा खेकडा. समुद्रकाठी एखादा रिकामा शंख मिळावा आणि त्यात कुणी डोकावू नये, एवढीच त्याची इच्छा. दर अंकात कुणीतरी डोकावे आणि गोनरोकुला बिऱ्हाड हलवावं लागे. एवढ्या भांडवलावर दादांनी चाळीस वर्षं मासिक चालवलं आणि देशातली दोन पिढ्यांची मुलं हसवली. स्वतः मात्र कुणाला दिसले नाहीत. मासिकवाल्यांनी फोटो मागितला, की ते एक शंख काढून पाठवत. दुसरा मागितला, की तोच शंख पाठमोरा.

त्यामुळे अंत्यविधीला मोठा पेच पडला. वेदीवर फोटो हवा आणि फोटो तर नाहीच. शेवटी काळी चौकट आणून तिच्यात शंख बसवला. कुराहामा गावातले वडीलधारे एकेक करून पुढे आले, शंखापुढे वाकले, उदबत्ती लावली. दादांना उभ्या जन्मात न पाहिलेले मासळीबाजाराचे अध्यक्ष डोळे टिपत म्हणाले, "अगदी हुबेहूब!"

अस्थी पांढऱ्या कलशात घरी आल्या. एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत त्या घरी ठेवायच्या आणि मग मातीत पोचवायच्या, ही रीत. सुमिएने कलशाला जुन्या किमोनोच्या कापडाची खोळ शिवली. शिवण थोडी वाकडी गेली आणि एका कोपऱ्यावर सोयासॉसचा डाग होता; पण कापड आईचं होतं. रोज पहाटे पहिला भात बुद्धापुढे, मग आईपुढे, असा तिचा लहानपणापासूनचा नेम. आता त्यात तिसरी वाटी आली. आई कुठे आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. आता त्यातली सुमिए एकटीच उरली. दिवस भरले, की एका सकाळी गाठोडं उचलायचं आणि निघायचं, इतकं ते सोपं होतं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या पर्यटन व स्मृतिसंवर्धन कक्षाचे प्रमुख उत्सुमी आले. हातात गोड वड्यांचा डबा, तोही चांगल्या दुकानातला. दारात ते इतके वाकले, की सुमिएला त्यांच्या कॉलरवरचं धोब्याचं लेबल वाचता आलं. एवढं वाकलेल्या माणसाला चहा न देणं तिला जमलं नाही. तिने चहा दिला. उत्सुमी बसले.

"अशा प्रसंगी काय बोलावं, शब्दच सुचत नाहीत," ते म्हणाले आणि बराच वेळ बोलले. "सेन्सेईंना एकांत प्रिय होता. पण इतक्या थोर माणसाचा एकांत असा एकट्याकडे पडून राहावा, हे गावाला शोभत नाही, सुमिएसान. महापौरांनी ठरवलंय, तो सर्वांना खुला करायचा."

"खुला?"

"सकाळी नऊ ते पाच. सोमवारी बंद."

सुमिए गप्प राहिली. कुराहामात गप्प राहणं म्हणजे नकार, हे शेंबड्या पोरालाही समजतं. पण सरकारी टिपणात गप्प राहण्यासाठी रकाना नसतो, म्हणून उत्सुमींनी तिथे "हरकत नाही" असं लिहिलं. निघताना त्यांनी आणखी एक छोटीशी विनंती केली. प्रदर्शनासाठी कलश हवा होता. एकच आठवडा, अगदी आदरपूर्वक. सुमिएने वड्यांच्या डब्याकडे पाहिलं. तो घेऊन झाला होता.

कलश माडीवर काचेच्या पेटीत गेला. त्याच्या मागोमाग गाव घरात आलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात; पण नागोबा निदान तिकिटं तरी लावत नाही.

चाहते आले, ते मात्र अतिशय शिस्तीचे. त्यांच्या संघाचं नाव 'अंतर राखणारे चाहते'. अध्यक्ष ओगिसो हे निवृत्त दंतवैद्य. हळू बोलायचे आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायचे.

"सुमिएसान, आम्ही सेन्सेईंना कधी त्रास दिला नाही," ते म्हणाले. "मी दर वसंतात गल्लीच्या तोंडाशी येतो, थोडा वेळ उभा राहतो आणि बेल न वाजवता परत जातो. वीसेक वर्षं झाली असतील."

"ठाऊक आहे मला. दादा पडद्याआडून बघायचे. म्हणायचे, आला गं तो न येणारा."

ओगिसोंनी ते वाक्य लगेच वहीत टिपून घेतलं. पुढच्या रविवारपासून त्यांच्या कोटावर बिल्ला झळकू लागला: 'न येणारा, सेन्सेईंच्या श्रीमुखातून.'

पण एकाच्या कोटावर बिल्ला आला, की दुसऱ्याच्या पोटात दुखतं. संघात फूट पडली. जहाल गटाचं म्हणणं, गल्लीच्या तोंडापर्यंत येणं हीच मुळात घुसखोरी. खरा चाहता स्टेशनवर उतरतो आणि तिथूनच परत फिरतो. त्याहून जहाल गट स्टेशनवर उतरतही नसे. ते लोक कुराहामाला न थांबणाऱ्या जलद गाडीत बसत आणि गाव जवळ आलं की डोळे मिटून घेत. नगरपालिकेची मोठी अडचण झाली. न येणाऱ्यांची मोजदाद कशी करायची? अखेर स्टेशनवर एक रबरी शिक्का ठेवण्यात आला: 'मी कुराहामाला आलो नाही.' तो वहीत उमटवून घेण्यासाठी सुटीच्या दिवशी पुलापर्यंत रांग लागे. मध्ये घुसणाऱ्याला मागचे सुनावत, "अहो, आम्हीपण सकाळपासून आलेलो नाही!"

शांततेचीही व्यवस्था झाली. गावात खांबाखांबांवर भूकंप-सुनामीचे भोंगे होतेच. संध्याकाळी पाचला त्यांतून पोरांना घरी जायला सांगणारी धून वाजे. आता धून संपली, की एक बाई चार भाषांत सांगू लागली: "सेन्सेईंना शांतता प्रिय होती. कृपया शांतता राखावी." भोंग्याचा आवाज होतो अशी तक्रार आली. महापौरांनी तिची गंभीर दखल घेतली आणि शांतता नीट पोचत नाही असं ध्यानात आल्यावर सूचना सकाळीही सुरू केली.

माडीवर 'एकांत अनुभव' चालू झाला. एका वेळी सहा जण. लाकडी ठोकळे आपटून एकांत सुरू झाल्याचं सांगत आणि पुन्हा आपटून संपल्याचं. एकांत जरा लांबला, तर बाहेरचे खाकरत.

एका दुपारी उत्सुमी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. पुन्हा वाकले. सुमिएने पुन्हा चहा दिला.

"जरा नाजूक विषय आहे," ते म्हणाले. "अभ्यागतांची तक्रार आलीये. एकांत चालू असताना खाली कुणीतरी भांडी घासतं."

"मी घासते."

"हो, ते कळलं. पण सेन्सेई संपूर्ण एकटे राहत, अशी चाहत्यांची श्रद्धा आहे."

"मग त्यांना जेवायला कोण घालत होतं?"

"त्याबद्दल संघात दोन मतं आहेत," उत्सुमी म्हणाले.

तिसरं मत कुणी मागितलं नव्हतं. सुमिएला एक ओळखपत्र मिळालं, 'निवासी (तात्पुरती)'. पुढचं दार तिला बंद झालं, आणि नऊ ते पाच मोज्यांवर चालण्याची विनंती झाली. अग्निशमनाच्या नियमात उदबत्ती बसेना, म्हणून तिला विजेची उदबत्ती मिळाली. टोकाला इवलासा लाल दिवा, खाली बॅटरी. सुमिएने ती दोन दिवस लावून पाहिली. बॅटरीचा वास बुद्धाला पोचतो की नाही, याची तिला खात्री वाटेना. मग ती पहाटे चिंचोळ्या परसात, कपड्यांच्या दोरीखाली खरी उदबत्ती लावू लागली. चोरी करत असल्यासारखी.

आठवडा उलटून बरेच दिवस झाले, तेव्हा तिने कलशाची आठवण केली.

"अडचण अशी आहे," उत्सुमी म्हणाले, "की मधल्या काळात तो नगरवारसा जाहीर झाला. वारसा वास्तूबाहेर नेता येत नाही. अपवाद एकच, स्टेशनच्या चौकात जो पितळी शंख उभा राहतोय ना, त्यात तो बसवायचा. एकोणपन्नासाव्या दिवशी. वरून सिमेंट."

"सिमेंट?"

"कुणी डोकावू नये म्हणून. सेन्सेईंच्या विचारांना धरूनच. बघायला बाजूने काचेची खिडकी ठेवलीये."

सुमिएने किटली खाली ठेवली. "उत्सुमीसान, दादांना आईशेजारी जायचं होतं. मी शब्द दिलाय."

उत्सुमींचा चेहरा उजळला. "आई! हे ठाऊकच नव्हतं आम्हाला. फार सुंदर. मग आईंनाही चौकात आणू. शंख तसा ऐसपैस आहे. कुठे असतात त्या?"

सुमिएने त्यांचा पेला काठोकाठ भरला. या गावात उत्तर द्यायचं नसलं, की चहा ओततात. उत्सुमींनी तो गरम गरम घोटला, जीभ भाजून घेतली आणि प्रश्न पुढच्या बैठकीवर टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा सुमिए धसकली. तोवर तिला एवढीच भीती होती की दादा आईकडे जाणार नाहीत. आता आईच दादांकडे यायची वेळ आली होती, आणि तीही तिकिटासकट.

त्या रात्री ती बुद्धापुढे बसली. काय मागावं ते सुचेना. कुणाचं वाईट मागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम. आणि ही सगळी माणसं तर इतकी सभ्य, की त्यांच्यावर रागावायला कुठून सुरुवात करावी तेही कळत नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "जे करायचंय, ते नियमात बसू दे."

देव ऐकतो. नियमांचं तर फारच लक्षपूर्वक ऐकतो.

वारशाच्या नियमावलीत एक कलम होतं: मूळ वस्तू जपायची असल्याने लोकांना प्रतिकृती दाखवावी. कुराहामात त्याची काय वाण? उपाहारगृहांच्या काचेत मांडायचे प्लॅस्टिकचे खाद्यपदार्थ करण्यात या गावाचा हात धरणारा नाही. इथल्या कारखान्यातल्या कोळंबीवर माशी बसते आणि फसल्याचं कळल्यावर शरमून उडते, असं म्हणतात. कारागिरांनी माडी जशीच्या तशी घडवली. दादांच्या उशीतला खळगा, शाईचे डाग, अर्ध्यावर सोडलेला भात, त्यातल्या एका शितावर पडलेला केस. शेवटी कलशही घडवला.

आणि तो अप्रतिम उतरला. मूळ कलश स्मशानातून मिळालेला, साधा. कारागिरांनी त्याला शोभेसा घाट दिला, सोनेरी शंख काढला, वर रेशमी खोळ. सिमेंटच्या आदल्या दिवशी दोन्ही कलश शेजारी ठेवून तज्ज्ञ समितीने तपासणी केली. समिती म्हणजे ओगिसो, जहाल गटाचे एक (ते डोळे मिटून बसले होते), आणि विद्यापीठातून आलेले एक प्राध्यापक. सुमिए कोपऱ्यात मोज्यांवर उभी होती.

"अस्सल कोणता, हे सांगायला नको," प्राध्यापक सोनेरी शंखाकडे बघत म्हणाले. "याच्यात हिनाकुरापण आहे."

"आणि हा?" ओगिसोंनी दुसरा दाखवला.

"हा प्राथमिक नमुना दिसतो. शिवण पाहा, वाकडी. डाग तर ओढूनताणून आणलाय. अहो, जुनेपणा दाखवायचा म्हणून कुणी सोयासॉस सांडतं का?"

"घाईत केलाय," ओगिसो हळहळले. "सेन्सेईंबद्दल प्रेम असलेल्या माणसाचा हात असा चालत नाही."

सुमिएने तोंड उघडलं. पण बोलणार कोण? ओळखपत्राप्रमाणे ती तात्पुरती होती. तिने तोंड मिटलं, आणि मिटताना तिला विचित्र वाटलं, कारण ते हसू होतं.

सोनेरी कलशावर 'मूळ' ही चिठ्ठी लागली. वाकड्या शिवणीच्या कलशावर 'प्रतिकृती, दुय्यम, जादा'.

समारंभाच्या सकाळी उत्सुमी मागच्या दारात उभे राहिले. गडद सूट, पांढरे हातमोजे, आणि दोन्ही हातांत आईच्या कापडातला कलश.

"सुमिएसान, या आठवड्यात गल्लीचा कचरा तपासायची पाळी तुमची ना?"

"हो."

"ही जादा प्रत. आज दोन कलश दिसले, तर लोकांचा गोंधळ होईल. विल्हेवाट लावायचीये."

सुमिएने हात एप्रनला पुसले. पाळी म्हणजे पाळी. "आत काय आहे? विचारावं लागतं."

उत्सुमींनी खिशातला कागद पाहिला. "अस्थी. दुय्यम प्रतीच्या."

"मग जळाऊ कचऱ्यात टाकू?"

"जळाऊत कसं?" उत्सुमींना नियमांचा अपमान सहन होत नसे. "ते एकदा जळून झालंय. शिवाय चिनी माती. न जळणाऱ्यात जाईल."

"न जळणाऱ्याची गाडी आजच होती. पण ती आठला गेली."

"गेली?"

"आत्ताच वळली कोपऱ्यावर. उशीर झाला तुम्हाला."

उत्सुमींचे कान लाल झाले. कुराहामात माणसं लग्नाला उशिरा आली आहेत, एकजण तर स्वतःच्या सत्काराला. पण कचऱ्याला उशीर केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि तोही नगरपालिकेच्या माणसाने.

"आता काय करतात?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नियम तुमचाच आहे," सुमिए त्याहून हळू म्हणाली. "उशिरा आलेलं रस्त्यावर ठेवायचं नाही. चिठ्ठी लावायची आणि जिथून आलं त्या घरी परत पाठवायचं."

दोघांनी माडीकडे पाहिलं. वर ठोकळे आपटले. समारंभानिमित्त जादा एकांत सुरू झाला होता.

"तिथे आत्ता नेता येणार नाही," उत्सुमी म्हणाले.

"नाही."

"मग?"

"मी नेते घरी."

तिने एप्रनच्या खिशातून पाळीच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, एक सोडवली आणि कलशावर नीट, न सुरकुतवता चिकटवली. वर छापलं होतं: 'हे उचलता येत नाही. कृपया आपल्या घरी परत न्यावे.' पालिकेने छापलेलं इतकं बरोबर वाक्य तिने आजवर वाचलं नव्हतं.

उत्सुमींनी ते वाचलं. मग कलशाकडे पाहिलं, मग कोपऱ्यावरच्या डागाकडे, मग सुमिएच्या किमोनोकडे. कापड एकाच ताग्यातलं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आणि कुराहामात गप्प राहणं म्हणजे काय, ते आधी सांगितलंच आहे. फक्त या वेळी ते नकारासारखं वाटलं नाही.

"सुमिएसान," ते शेवटी म्हणाले, "घर म्हणजे... कुठे?"

किटली चुलीवर होती. खाली आच नव्हती.

"चहा ठेवलेला नाही, उत्सुमीसान," सुमिए म्हणाली.

उत्सुमी वाकले. पहिल्या दिवशी वाकले होते त्याहून खाली. कचऱ्याला इतकं वाकून कुणी निरोप देत नाही. मग सरळ झाले, हातमोजे ओढले आणि खोट्या कलशाला खऱ्या इतमामाने चौकात पोचवायला निघून गेले.

सुमिएने परसात उदबत्ती लावली, खरी. भाताचे तीन गोळे वळून पानात बांधले. कलश मोठ्या रुमालात गुंडाळून त्याची गाठ छातीशी मारली. गल्लीच्या तोंडाशी दोर लावून ओगिसो पहाऱ्याला उभे होते. पलीकडे चौकात माणूस मावत नव्हता. सगळे शिस्तीत, सगळे हळहळत, सगळ्यांची तोंडं पितळी शंखाच्या काचेच्या खिडकीकडे.

"कुठे निघालात? आत्ता? समारंभ सोडून?"

"गाडी चुकली कचऱ्याची. घरी न्यायला सांगितलंय."

ओगिसोंना पिवळी चिठ्ठी रुमालातून जराशी दिसली. त्यांनी नाक किंचित आक्रसलं आणि दोर उचलला. "जा, जा. पण पाय नका वाजवू हं. इथे सेन्सेई आहेत."

"हो," सुमिए म्हणाली. "आहेत."

भोंग्यातली बाई चार भाषांत शांतता सांगू लागली. सगळा गाव कान झाकून श्रद्धेने उभा राहिला. सुमिए पाय न वाजवता दोराखालून गेली, चौकाला पाठ करून वळली आणि चालू लागली.

ती कोणत्या रस्त्याने गेली, गाडीत बसली की चढण चढली, आई कुठे आहे आणि तिथून काय दिसतं, हे सगळं सांगता आलं असतं. पण इथवर आलेल्या वाचकाने जरा खाली, स्वतःच्या पायांकडे बघावं. चपला घालून झाल्यासुद्धा? आम्ही फक्त लांबून बघू, बेल वाजवणार नाही, असंच म्हणणार ना?

स्टेशनवर शिक्का ठेवलेला आहे, तो घ्यावा. चहा ठेवलेला नाही.